गुकबाप, रस्सा आणि पाटीवर नसलेला शब्द

कोरियन भाषेत ‘बाप’ म्हणजे शिजवलेला भात आणि ‘गुक’ म्हणजे पातळ रस्सा. रश्शातच भात घालून खायला दिला की त्याचा गुकबाप होतो. आधी ‘द्वेजी’ जोडलं की तो डुकराच्या मांसाचा. आमच्या घरात हा शब्द माझ्या भाचीने आणला, आणि दोन दिवस सगळ्यांनी त्यावर यथेच्छ विनोद करून घेतले. ती पुण्याकडे नोकरीला आहे. रांजणगाव-तळेगाव भागात कोरियन कंपन्यांचे कारखाने आले, कारखान्यांमागून तिथले अधिकारी आले आणि अधिकाऱ्यांच्या भुकेमागून पुण्यात कोरियन जेवणाची हॉटेलं निघाली. भाचीने एकदा मला तिथे नेलं आणि पुढ्यात काळ्या दगडी भांड्यात रटरटणारा रस्सा आला. त्या वाफेकडे बघताना मला पुण्यापेक्षा चिखलीच्या बाजारातलं तट्ट्याच्या आडोशाचं हॉटेल जास्त आठवलं.

पंचवीस वर्षं मी बुलढाणा जिल्ह्यातल्या कॉलेजांत गृहअर्थशास्त्र शिकवलं. कोणी काय खाल्लं, किती खाल्लं, ते कुठून आलं, हे विचारत राहण्याची खोड त्या विषयाने लावली. कोरियातली रस्सा-भाताची साधी हॉटेलं आणि आमच्याकडच्या रस्सा-भाकरीच्या खानावळी समोरासमोर ठेवून पाहण्याचा हा प्रयत्न त्याच खोडीतून आलेला आहे. दोन्हींत साम्य बरंच आहे. पण जिथे साम्य संपतं ती जागा मला जास्त महत्त्वाची वाटते, आणि ती जागा त्या ‘द्वेजी’ शब्दापाशी आहे.

आधी पदार्थ समजून घेऊ. द्वेजी-गुकबाप म्हटलं की कोरियन माणसाला दक्षिणेकडचं बुसान बंदर आठवतं. डुकराची हाडं तासन्‌तास उकळून त्याचा रस्सा करतात. त्यात मांसाचे पातळ काप, वरून चिरलेली पात, आणि भात. तो कधी आतच, कधी झाकणाच्या स्टीलच्या वाटीत वेगळा. रश्शात मीठ जवळजवळ नसतं. टेबलावर खारवून आंबवलेली बारीक कोळंबी असते, लाल मिरचीचं वाटण असतं, लसणाच्या वासाची पात असते, मुळ्याच्या फोडींचं किमची असतं. ज्याने त्याने आपल्या जिभेप्रमाणे त्यात घालायचं. ही खारी कोळंबी डुकराचं मांस पचवते अशी तिथली पक्की समजूत आहे. आमच्या बाजारात तागाच्या पोत्यावर सुकट आणि झिंग्यांचे ढीग मांडून बसणाऱ्या बायकांना हे सांगितलं तर त्यांना मुळीच नवल वाटणार नाही.

जुन्या पद्धतीच्या दुकानात एक कसब असतं, त्याला ‘तोर्योम’ म्हणतात. भांड्यात आधीच शिजवून ठेवलेला गार भात घ्यायचा, त्यावर उकळता रस्सा ओतायचा, भात डावाने अडवून रस्सा पुन्हा मोठ्या हंड्यात निथळायचा, पुन्हा ओतायचा, पुन्हा निथळायचा. चारपाच वेळा असं केलं की भाताच्या शितात आतपर्यंत ऊब आणि चव जाते, आणि रस्सा जीभ न पोळेल इतका गरम राहतो. सकाळी एकदाच भात रांधून दिवसभर गिऱ्हाईक सांभाळायचं तर याहून शहाणी युक्ती नाही. भात गरम ठेवणारी विजेची भांडी आल्यावर ही पद्धत मागे पडली आणि रस्सा चुलीवरून भांड्यासकट रटरटत येऊ लागला. तो दिसायला भारी, पण पहिली पाच मिनिटं त्याच्याकडे फक्त बघता येतं.

रश्शाच्या रंगामागेही कारण आहे. हाडं आणि कातडीतला चिवट भाग मंद आचेवर पाण्यात बराच वेळ राहिला की त्याचं जिलेटिन होतं. रश्शाला जो ओठाला चिकटणारा गुण येतो तो त्याचा. आच मंद ठेवली तर रस्सा निवळशंख राहतो. खळखळून उकळला तर चरबीचे बारीक कण पाण्यात मिसळून रस्सा दुधासारखा पांढरा होतो. बुसानकडे दोन्ही तऱ्हा मिळतात आणि कोणती खरी यावर तिथे वाद चालतो. आमच्याकडे पायाचं सूप करणाऱ्या कोणत्याही आजीला हे माहीत आहे. हात-पाय मोडलेल्या माणसासाठी रात्रभर चुलीवर ठेवलेलं ते सूप सकाळी गार झालं की थरथरतं, आणि आजी म्हणते, ‘आता उतरलं हाडातलं.’

बुसानमध्ये हा पदार्थ कसा रुजला याच्या कथा अनेक आहेत. सर्वांत जास्त सांगितली जाते ती युद्धाची. १९५० साली कोरियन युद्ध सुरू झालं, सोल पडलं आणि बुसान ही तात्पुरती राजधानी झाली. उत्तरेकडून निर्वासितांचे लोंढे या एका बंदरात येऊन साठले. गाईबैलाच्या मांसाचा रस्सा परवडत नव्हता. डुकराची हाडं, मुंडी, आतडी स्वस्त मिळत. त्यांचा रस्सा आणि त्यात मूठभर भात. शेजारच्या मिरयांगचे लोक मात्र सांगतात की हे आमच्याकडे युद्धाच्या आधीपासून होतं. असेलही. एखादा पदार्थ एका दिवशी एका माणसाने शोधला, असं क्वचितच घडतं. एवढं खरं, की आज बुसानच्या सोम्यॉन बाजारात गुकबापच्या दुकानांची एक गल्लीच आहे, आणि द्वेजी हा शब्द तिथल्या पाट्यांवर हातभर अक्षरांत लिहिलेला असतो.

युद्धाच्याही मागे जायचं तर गुकबाप हे बाजाराचं आणि वाटेचं अन्न आहे. जुन्या कोरियात दर पाच दिवसांनी भरणारे बाजार असत. वाटेवर ‘जुमाक’ नावाच्या झोपड्या असत, तिथे दारू, मुक्काम आणि एक वाडगा रस्सा-भात मिळे. बैल विकायला आलेला शेतकरी, हमाल, फिरता व्यापारी यांना बसून चार पदार्थ खायला वेळही नसे आणि पैसेही नसत. एका वाडग्यात सगळं जेवण.

आता बुलढाण्याकडे येऊ. आमचा जिल्हा अजिंठ्याच्या डोंगराने दोन भागांत कापलेला आहे. लोक ‘घाटावरचे’ आणि ‘घाटाखालचे’ अशीच ओळख सांगतात. चिखली, मेहकर, सिंदखेड राजा वर. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव खाली, पूर्णेच्या काळ्या मातीत. घाटाखाली खानदेशाचा वारा लागतो, कळण्याची भाकर आणि भरीत मिळतं. लोणार-मेहकरकडे मराठवाडा जवळ. पण आठवडी बाजार दोन्हीकडे तसाच. पाल ठोकलेले, बैलबाजार एका अंगाला, बकऱ्यांचा दुसऱ्या. आणि कडेला, पत्र्याखाली किंवा ताडपत्रीखाली, एका मोठ्या जर्मनच्या गंजात लाल तर्री आलेला रस्सा.

या खानावळीचं गणित मला फार आवडतं. इथे मटण मोजून मिळतं आणि रस्सा न मोजता. प्लेटमध्ये चार किंवा पाच पीस. वाढपी ते डावाने चाचपून टाकतो आणि गिऱ्हाईक डोळ्यांनी मोजून घेतं. त्यानंतर मात्र ‘रस्सा!’ असं कितीही वेळा ओरडलं तरी कोणी वाकडं बघत नाही. मेहकरच्या बाजूला एका खानावळीत मी टिपण घेत बसले होते तेव्हा गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, ‘बाई, पीसाचे पैशे हायत, रस्सा तं घरचाच हाय, घ्या अजून.’ मटणाचा भाव किलोमागे सातशेच्या वर गेला आहे. बाजारात दोन शेळ्या विकून आलेल्या माणसालाही पोटभर मटण परवडत नाही. पण पोटभर रस्सा परवडतो, आणि त्या रश्शात मटणाची सगळी चव उतरलेली असते. भाजलेलं सुकं खोबरं, निखाऱ्यावर भाजलेला कांदा, खसखस, दगडफूल, लाल तिखट यांनी त्याला अंग येतं. गरिबाच्या पोटात मांसाचा अंश पोचवण्याची ही रीत बुसानच्या हाडांच्या हंड्याहून वेगळी नाही. दोन्हीकडे मांस थोडं आहे, माणसं पुष्कळ आहेत आणि मधलं अंतर पाण्याने भरून काढलेलं आहे.

फरक आहे तो चवीचा अधिकार कोणाकडे, यात. गुकबापचा आचारी रस्सा अळणी ठेवून पुढचं खाणाऱ्यावर सोडतो. आमचा वस्ताद सगळं गंजातच ठरवून टाकतो. गिऱ्हाइकाच्या हातात उरतं लिंबू आणि कांदा. अळणी रस्सा आमच्याकडेही असतो. हळद-मीठ लावून मटण शिजवलं की फोडणी-वाटण पडण्याआधीचं ते पिवळसर पाणी लहान मुलांना, आजाऱ्याला, बाळंतिणीला देतात. पण तो घरातला, प्रेमाचा पदार्थ. खानावळीत अळणी मागितलं तर लोक प्रकृती विचारतील.

भाताचीही एक गोष्ट आहे. बुलढाणा हा भाताचा मुलूख नव्हे, ज्वारीचा. आमचा खरा गुकबाप म्हणजे भाकर चुरलेला रस्सा. ताटात भाकर बोटांनी बारीक चुरायची, मधोमध आळं करायचं, वरून गरम रस्सा ओतवून घ्यायचा आणि तो भिनेपर्यंत कांदा फोडायचा. कोरियन तोर्योम जे भाताला करतं ते इथे भाकरीला होतं. भात सणावाराचा, शेवटच्या घासाचा. पुढे शिवारात सोयाबीन आलं, ज्वारी हटत गेली, रेशनवर तांदूळ-गहू आले आणि खानावळीच्या ताटातही भाताची मूद कायमची झाली. आता भाकर ही खास गोष्ट झाल्याने ‘चुलीवरची भाकर’ अशी पाटी लावावी लागते. गंमत म्हणजे कोरियात हे उलट्या दिशेने घडलं. तिथे तांदूळ अपुरा पडे म्हणून १९६० आणि ७० च्या दशकांत सरकारने हॉटेलांवर निर्बंध घातले. भातात बार्ली मिसळा, आठवड्यातले ठरावीक दिवस भात विकू नका, गव्हाचं पीठ खा. रस्सा-भाताच्या वाडग्यात गव्हाच्या शेवया दिसू लागल्या त्या या काळात. १९७२ च्या दुष्काळात आपल्याकडे परदेशी लाल मिलो खाऊन दिवस काढलेली पिढी अजून आहे. पोट हे सरकारी कागदावर किती लवकर जातं, हे दोन्ही देशांना ठाऊक आहे.

खानावळीचं वारांशी असलेलं नातं मात्र अगदी आमचं. सोमवारी, शनिवारी मटण खात नाहीत अशी घरं पुष्कळ. गजानन महाराजांच्या भक्तीमुळे गुरुवारही गेला. गुरुवारी भरणाऱ्या बाजाराला रश्शाचा गंज लहान असतो. श्रावणात बरेचजण गंज उलटा घालून ठेवतात, आणि त्याआधीचा आखाड हा त्यांचा सुगीचा महिना. कंदुरीचं जेवण वेगळंच. नवसाचा बोकड, पाहुणे शे-दोनशे, आणि रस्सा इतका पातळ की त्यात आभाळ दिसावं. तरी पंगतीला बसलेला माणूस त्याच्या चवीची आठवण वर्षभर सांगतो. कंदुरीला हिंदू-मुसलमान एका गंजातलं खातात, हे मी जिल्ह्यात अनेक ठिकाणी पाहिलं आहे.

बायकांचं काय, हेही सांगायला हवं. बुसानच्या गुकबापच्या दुकानांच्या नावांत ‘हाल्मे’, म्हणजे आजी, हा शब्द जागोजाग भेटतो. आजीच्या हाताची चव हीच जाहिरात. आमच्या खानावळीत भाकरी थापणाऱ्या दोन-तीन बायका मागच्या बाजूला धुरात बसलेल्या असतात. पाटीवर नाव मालकाचं किंवा देवाचं. मी एकटी जेवायला गेले की मला हमखास ‘फॅमिली रूम’मध्ये, पडद्याआड पाठवतात. तिथे पंखा असतो, पण रस्सा पोचायला वेळ लागतो. म्हणून मी बाहेरच बसायचा आग्रह धरते, आणि समोरचे लोक दोन मिनिटं अवघडतात, मग आपापल्या पीसांकडे वळतात.

आता त्या शब्दाकडे. महाराष्ट्राच्या खेड्यांत डुकराचं मांस खाल्लं जात नाही, असं ज्याला वाटतं त्याने खेडं रस्त्यावरून पाहिलं आहे. ते खाल्लं जातं. गावाच्या एका टोकाला विकलं जातं, घरात शिजतं, सणाला आणि लग्नालाही शिजतं. फक्त ते खानावळीत नाही, पाटीवर नाही आणि बोलण्यातही नाही. मुसलमानांना ते हराम आहे, हे सरळ आहे. सवर्ण आणि मधल्या जातींच्या हिंदूंना ते घाण वाटतं, कारण गावातलं डुक्कर उकिरड्यावर जगतं आणि उकिरडा साफ करण्याचं काम ज्यांच्यावर लादलं गेलं त्यांच्याच दारात ते पाळलं गेलं. प्राण्याची घृणा आणि माणसाची घृणा इथे एकमेकींत इतकी कालवली गेली आहे की त्या वेगळ्या काढता येत नाहीत. बंद गोठ्यात, धान्यावर वाढवलेलं डुक्कर आणून दाखवलं तरी नाक मुरडायचं थांबत नाही, यावरून नाक कशाला मुरडलं जातं ते कळतं.

वर्गात मी चोवीस तासांच्या आहाराची नोंद करायला शिकवत असे. काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय खाल्लं, वाटीच्या मापाने लिहायचं. सगळ्या मुलींच्या वह्यांत वरण, भाकर, पालेभाजी, कधी अंडं, कधी मटण. एकदा वर्ग संपल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी थांबली. म्हणाली, ‘मॅडम, आमच्याकडे काल डुकराचं होतं. मी मटण लिहिलंय. चालेल?’ मी विचारलं, मटण का? ती म्हणाली, ‘वही सगळ्या बघतात ना.’ मग तिने मला ते कसं करतात ते सांगितलं: चरबी आधी वितळवून घ्यायची, वेगळं तेल घालायचंच नाही, लसूण भरपूर, आणि रस्सा भातावर, कारण त्या चरबीबरोबर भाकरीपेक्षा भात चांगला लागतो. इतकं नेमकं वर्णन त्या वर्षी दुसऱ्या कोणत्याही वहीत नव्हतं. मी तिची नोंद तिच्या परवानगीने तशीच, नाव काढून, ठेवली. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या खर्चाच्या तक्त्यात डुकराच्या मांसासाठी वेगळी ओळ असते. तिथे आमच्या जिल्ह्यातल्या किती घरांनी ‘मटण’ सांगितलं असेल, हा विचार तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

या मौनाची दुसरी बाजूही आहे आणि ती टाळता येणार नाही. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं, तेव्हा प्रश्न चवीचा नव्हता. गावाने ज्या अन्नाच्या बदल्यात माणसाचं माणूसपण गहाण ठेवून घेतलं होतं ते अन्न नाकारण्याचा होता. वऱ्हाडात त्या चळवळीची मुळं खोल आहेत. त्यामुळे आज एखाद्या बौद्ध घरात आजी जुन्या पदार्थांबद्दल बोलत नाही, तेव्हा त्यात लाज असते असं समजू नये. कित्येकदा तो घेतलेला निर्णय असतो. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ साली आलं तेव्हा मराठवाड्यातल्या महार-मांग घरांतलं अन्न प्रथमच इतक्या तपशिलाने, पाककृतींसह मराठीत छापलं गेलं. पाककृतींच्या पुस्तकांनी फुगलेल्या आपल्या भाषेत त्याला तोवर थांबावं लागलं, यात सगळं आलं.

कोरियातही डुक्कर हे फार मानाचं मांस नव्हतं. मान बैलाच्या मांसाला होता. गावच्या डुकराला तिथेही शेणामलावर वाढवत. जेजू बेटावर तर संडासाखालीच त्याचं खुराडं असे. पण तिथे गरिबीतून आलेला हा रस्सा खाण्यावरून कोणाची जात ठरत नव्हती. म्हणून परिस्थिती सुधारल्यावर तो पाटीवर चढला, आणि पुढे परदेशी पाहुण्यांना अभिमानाने दाखवायचा पदार्थ झाला. कोरियात हीन मानलेले लोक नव्हते असं नाही. ‘बेकजॉंग’ नावाचा खाटकांचा समाज शतकानुशतकं वाळीत होता आणि १९२३ साली त्यांनी समतेसाठी संघटना उभारली. तिथे कलंक कापणाऱ्याला लागला, खाणाऱ्याला लागला नाही. आपण तो दोघांनाही लावला.

पुण्यातल्या त्या हॉटेलात शेजारच्या टेबलावर आपलीच चार-पाच मराठी मुलं होती. कोरियन मालिका पाहून आलेली, चॉपस्टिक्स धरण्याचा सराव करत होती. त्यांनी द्वेजी-गुकबाप मागवला, मोबाइलवर फोटो काढले, वाखाणला. सहाशे-सातशे रुपयांच्या त्या वाडग्यात काय आहे हे त्यांना ठाऊक होतं आणि त्याचा त्यांना अडसर वाटला नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही. काही वर्षांपूर्वी हेही झालं नसतं. फक्त तो पदार्थ कोरियन नावाने खाता येतो आणि मराठी नावाने लिहिताही येत नाही, एवढं मी माझ्या टिपणवहीत नोंदवलं. भाचीने रश्शात खारी कोळंबी टाकली, चाखली, पुन्हा टाकली. मला विचारलं, ‘मावशी, तिखट घालू?’ मी म्हटलं, घाल.

आमच्या खानावळींपुढे सध्या दुसरंच संकट आहे. समृद्धी महामार्ग मेहकर-सिंदखेड राजाच्या शिवारातून जातो. डिसेंबर २०२२ पासून गाड्या त्यावरून सुसाट निघतात आणि कुंपणामुळे त्यांना वाटेतल्या ताडपत्रीपाशी थांबता येत नाही. जुन्या रस्त्यावरच्या काही ढाब्यांनी गंजाचं माप कमी केलं आहे. आठवडी बाजारातल्या खानावळी मात्र टिकून आहेत, कारण शेळी विकायला येणारा माणूस अजून एसटीने किंवा टमटमने येतो आणि त्याला दुपारी भूक लागते.

ती मागच्या बाकावरची मुलगी आता आमच्याच जिल्ह्यात अंगणवाडी सेविका आहे. गेल्या वर्षी भेटली तेव्हा तिच्याकडे गरोदर बायकांच्या आहाराचं रजिस्टर होतं. मी चाळलं. मांसाहाराच्या रकान्यात तिने छापील ‘अंडी/मासे/मटण’ याच्या पुढे, पेनाने, सुवाच्य अक्षरात आणखी एक शब्द लिहिला होता आणि त्याखाली काही घरांच्या रेघा मारल्या होत्या.